थोडं उरू दे

काचेवर कुणीतरी बोटाच्या पेरानं टकटक केलं, तेव्हा मी गाडीचं इंजिन बंद करून नुसतीच बसले होते. किती वेळ, ते ठाऊक नाही. माझ्याच श्वासानं काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या, आणि त्या पांढऱ्यापलीकडे एक उंच आकृती जांभळी, झालरीची छत्री धरून उभी होती.

मी काच खाली केली. पाऊस आत आला, आणि त्याच्याबरोबर ताज्या फोडलेल्या लाकडाचा वास.

"डिकी उघडता?" तो म्हणाला. "की पुस्तकंसुद्धा तुमच्यासारखी आतच बसणार आहेत?"

छत्री बायकी होती, माणूस मुळीच नाही. रुंद खांदे, कपाळाला चिकटलेले तांबूस केस, हातांवर बारीक ओरखडे. मी छत्रीकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं.

"माझी नाही ही. ग्वेंडानं हातात दिली. म्हणाली, बाहेर नोरीनची मुलगी असेल, तिला भिजू देऊ नकोस."

"पण मीच ती, हे तुम्हाला कसं..."

"आत सगळ्या बायका हसताहेत," तो म्हणाला. "बाहेर एकटी बसलेली एकच."

मी डिकी उघडली.

दर ऑक्टोबरात, आमच्या दक्षिणेकडच्या वसंतात, वरच्या शेतांत ट्यूलिप फुललेले असताना, विन्यार्डच्या टाउन हॉलमध्ये प्रेमकथा वाचणाऱ्यांचा आणि लिहिणाऱ्यांचा मेळावा भरतो. तिकिटांचे आणि पुस्तकांचे सगळे पैसे मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवणाऱ्या वर्गाला जातात. माझ्या आईनं या मेळाव्यात अर्धं आयुष्य काढलं. जूनमध्ये ती गेली. मी होबार्टहून घर आवरायला आले होते. सोमवारी किल्ल्या एजंटच्या हातात द्यायच्या आणि परत जायचं, असं ठरलं होतं. तिची पुस्तकं मात्र इथेच यावीत, हे तिनंच सांगून ठेवलं होतं.

त्या माणसानं एकेक खोकं उचलून आत नेलं. छत्री माझ्या हातात दिली आणि स्वतः भिजला. शेवटच्या फेरीला मागच्या सीटवर जे काही होतं तेही त्यानं खांद्याला अडकवलं. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी तेव्हा दारातल्या टेबलावर माझा बिल्ला शोधत होते.

मेळाव्याचे बिल्ले ठरलेले असतात. वर नाव, खाली आवडता नायक. कुणाचा जहागीरदार, कुणाचा गुराखी, कुणाचा "डॉक्टर, पण गरीब". माझा बिल्ला ग्वेंडामावशीनं आधीच लिहून ठेवला होता. वर "इमोजेन", आणि खाली, नायकाच्या जागी, "नोरीनची मुलगी".

मी तो छातीवर लावला. त्याच्या बिल्ल्यावर "हेमिश" होतं, आणि खाली "अजून ठरायचंय".

"नायक ठरायचाय?" मी विचारलं.

"ग्वेंडानं विचारलं, तुझा आवडता नायक कोण. मी म्हटलं, मला थोडा वेळ दे. तिनं तेच लिहिलं."

ग्वेंडामावशी म्हणजे आईची चाळीस वर्षांची मैत्रीण. विवियन लार्क या नावानं ती प्रेमकथा लिहिते, आणि त्या नावाला शोभेल असा चित्त्याच्या ठिपक्यांचा रुमाल गळ्यात बांधते. तिनं मला मिठीत घेतलं आणि कानात म्हणाली, "आज रडायचं नाही हं. तू रडलीस की मी रडणार, आणि माझ्या पापण्या चिकटवलेल्या आहेत. चहात पडतील."

"मी रडत नाहीये, मावशी."

"तेच तर. चार महिने बघतेय मी. जा, स्वयंपाकघरात केक कापायचेत. हाताला काम असलं की बरं."

म्हणून मी तासभर लॅमिंग्टन कापत राहिले. बोटांना चॉकलेट, बाहीला खोबरं. खिडकीबाहेर खाडीवर पाऊस तिरका पडत होता. हॉलमधून हसण्याच्या लाटा येत होत्या. लेखिकांच्या टेबलांपुढे रांगा लागलेल्या. चाकांच्या बॅगा ओढत आलेल्या बायका एकमेकींना पुस्तकं दाखवून सांगत होत्या, "हा घे, हा तुला रडवेल." आई असती तर आत येऊन म्हणाली असती, इमी, तुकडे सारखे नकोत, लोकांना मोठा तुकडा निवडायला आवडतं. मी सगळे तुकडे सारखे कापले.

बाहेर आले तेव्हा पुडक्यांच्या टेबलाभोवती गर्दी झाली होती.

हे टेबल आईचं. जुनी पुस्तकं तपकिरी कागदात गुंडाळायची, सुतळी बांधायची, आणि वर नावाऐवजी दोन-चार शब्द लिहायचे. न पाहता पसंत केलेलं स्थळ, असं ती म्हणायची. "एक दीपगृह. दोन बहिणी. घोडा महत्त्वाचा." "देखणा आहे, पण त्याची आई बघून घ्या." लोक शब्द वाचून पुडकं विकत घेतात, पण सोडत नाहीत. सगळी पुडकी सोडायची ती तीन वाजता, सगळ्यांनी मिळून. हा तिचा नियम. एकदा महापौरबाईंनी अडीचलाच कोपरा फाडून बघितला, तर आईनं त्यांच्या हातातून पुडकं काढून घेतलं होतं.

टेबलामागच्या खुंटीवर माझी कापडी पिशवी लटकत होती.

मी ती हातात घेतली. रिकामी.

"यातलं पुस्तक?" मी टेबलावरच्या बाईला विचारलं.

"बांधलं की गं. सकाळी आलेलं सगळं बांधून टाकलं. सहा जणी बसलो होतो."

माझ्या चेहऱ्यावर काही आलं असावं. हेमिश चहाचे कप गोळा करत होता. तो कप ठेवून आला.

"ती पिशवी मीच आणली," तो हळू म्हणाला. "मागच्या सीटवरची. द्यायची नव्हती का?"

"नाही."

"मग चला, शोधू. दोनशे पुडकी असतील. त्यातली निम्मी अजून इथेच आहेत."

ग्वेंडामावशीनं आमचं बोलणं ऐकलं. ती सही करता करता थांबली. "शोधा. पण सोडायचं नाही. तीनच्या आधी एकसुद्धा नाही. नोरीनचा नियम नोरीनच्या मुलीसाठी मोडला ना, तर ती माझ्या पुढच्या तीन कादंबऱ्यांना नजर लावेल."

"मी सोडा म्हटलंच नाही," मी म्हणाले.

"म्हणणार होतीस," मावशी म्हणाली.

मग आम्ही दोघं टेबलाच्या मागच्या बाजूला बसलो, आणि उरलेली पुडकी एकेक करून बघू लागलो. पुस्तकाचं नाव मी त्याला सांगितलं. 'पलीकडचा धक्का'. बेटावर पोस्टाचं काम करणारी एक बाई, आणि आठवड्यातून एकदा टपालाची बोट घेऊन येणारा एक माणूस.

"मुखपृष्ठ कसंय?"

"निळं. त्यावर बोट."

त्यानं टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. "यातल्या निम्म्यांवर निळं आकाश आणि बोट असणार. उरलेल्यांवर उघड्या छातीचा गडी."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून आवाज जरा वेगळाच आला. तो माझ्याकडे न बघता पुडकं उचलत म्हणाला, "हं... आता आत हसणाऱ्यांत तुम्हीही."

"तुम्ही वाचा की," मी पुडकं त्याच्याकडे सरकवत म्हणाले.

"नको. तुम्हीच वाचा. तुमचा आवाज ऐकत राहावासा वाटतो."

हे त्यानं इतकं सरळ म्हटलं, की मला कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटल्या. मी कॉलेजात साहित्य शिकवते. गोड बोलण्याचे प्रकार मी मुलांना फळ्यावर मांडून दाखवते. तरीही मी वाचत गेले, आणि तो ऐकत गेला.

"वधू पळून जाते. चुकीच्या दिशेनं."

"नाही. पोस्टातली बाई पळणारी वाटत नाही."

"बेकरीवाला. गुपित. भरपूर लोणी."

"हे मी घेतो," तो म्हणाला, आणि खिशातून नाणी काढून डब्यात टाकली.

"तुम्ही प्रेमकथा वाचता?"

"वाचतो ना. हसू नका. शेवट चांगला होणार हे आधीच माहीत असलं, की मध्ये अडखळायला भीती वाटत नाही."

ते वाक्य मला ओळखीचं वाटलं. कुठं ऐकलं ते मात्र आठवेना.

त्याचा खांदा माझ्या खांद्याजवळ होता. लागत नव्हता, पण त्याच्या ओल्या स्वेटरची ऊब कळत होती. आईच्या घरी चार दिवस मी एकटी शेगडीपुढे बसत होते. तिच्या अंगणातल्या शेडमध्ये लाकडं छपरापर्यंत रचलेली होती, एका बाईला कित्येक हिवाळे पुरतील इतकी. एवढी लाकडं तिनं कशाला घेतली असतील, या विचारात मी एकेक ओंडका जाळत होते. कप एकच काढत होते. दुसरा काढला की तो कोरडाच परत ठेवावा लागतो.

शेवटचं पुडकं उचललं. "सुंदर खलाशी. वाईट कविता." तेही नव्हे.

"म्हणजे विकलं गेलं," मी म्हणाले.

"दुसरी प्रत मिळेल. ग्वेंडाला सांगून मी कुठूनही..."

"दुसरी नकोय."

त्यानं कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं.

"आईला मी ते वाचून दाखवत होते," मी सुतळीचा तुकडा बोटाभोवती गुंडाळत म्हणाले. "शेवटच्या दिवसांत, हॉस्पिटलमध्ये. आमची वाचायची पुस्तकं नेहमी वेगळी असायची. तिचं एक पहिल्यांदाच मी हातात घेतलं होतं. शेवटून दुसरं प्रकरण चाललं होतं, आणि ती म्हणाली, थांब. थोडं उरू दे. मला वाटलं, दमली असेल. तिची केसांची पिन मी त्या पानात ठेवली. पहाटे फोन आला."

बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता.

"नंतर मी ते उघडलं नाही. जवळ ठेवते, एवढंच. गाडीत असतं. पिन अजून त्याच पानात आहे ना... म्हणजे, होती."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला होता.

"पिन," तो म्हणाला. "कासवाच्या पाठीसारखी? एक दात तुटलेला?"

"हो."

"ते मी बांधलं." त्यानं हाताचे तळवे गुडघ्यांवर पुसले. "या बायकांनी बळंच बसवलं मला. म्हणाल्या, एक तरी बांध. समोर आलं ते उचललं. पिन होती तिथेच उघडलं गेलं. ते अर्धं पान वाचलं, आणि पिन परत तिथेच ठेवली. म्हटलं, कुणी ठेवलीय तर काहीतरी असेल. पण ती नोरीनची असेल हे... तिच्या पुस्तकांत काय काय सापडतं. बसची तिकिटं, सुकलेली पानं. मला खरंच कळलं नाही."

"वर काय लिहिलंत?"

तो टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला,

"एक बोट. दोन माणसं. अजून कुणी काही बोललेलं नाही."

तेवढ्यात ग्वेंडामावशीनं व्यासपीठावरचा माईक बोटानं ठोकला. "मंडळी, बसून घ्या. पुडकी मांडीवर ठेवा, हात पुडक्यांवर ठेवा, आणि सुतळीला हात लावू नका. आधी आपला वाचक."

हेही ठरलेलं असतं. पुडकी सोडण्याआधी वर्गातला एक जण सगळ्यांसमोर एक पान वाचतो. कोण वाचणार हे आधी सांगत नाहीत. वर्गाची नावं बाहेर जात नाहीत; आई तिथे शिकवायची, आणि त्याबाबतीत फार कडक होती. होबार्टहून मी फोन केला, की म्हणायची, बुधवारी नको हं येऊस, बुधवारी माझा बुधवार असतो. हा बुधवार कोण, हे तिनं मला कधीच सांगितलं नाही.

हेमिश उठला. पेन्सिल, रुमाल, काहीतरी खिशात चाचपत राहिला.

"मी सांगणार होतो," तो मला म्हणाला. "सकाळीच. पण तुम्ही काच खाली करायलाच केवढा वेळ लावलात."

आणि तो व्यासपीठाच्या पायऱ्या चढला.

माईक त्याच्यासाठी खूप खाली होता. कुणीतरी तो वर केला. त्याच्या हातात ग्वेंडामावशीची कादंबरी होती.

"मी हेमिश," तो म्हणाला. "लाकडं विकतो. नोरीनकडे पहिल्यांदा लाकडं टाकली ती तिच्या शेजाऱ्याकडे टाकली. दुसऱ्यांदा पलीकडच्या गल्लीत. पत्ता चिठ्ठीवर लिहिलेला होता, पण..." तो थांबला. "तिसऱ्यांदा ती रस्त्यावर उभी राहून वाट बघत होती. काही विचारलं नाही. चहा दिला. म्हणाली, पुढच्या बुधवारी ये. लाकडं न घेता."

काही बायका हसल्या, काहींनी नाकाला रुमाल लावले. माझ्या डोळ्यांपुढे शेड आली, छपरापर्यंत रचलेली. म्हणजे तो लाकडं न घेता कधी आलाच नव्हता.

मग त्यानं वाचायला सुरुवात केली. हळू. बोट ओळीखाली सरकत होतं. एका शब्दाशी अडला, मागे गेला, पुन्हा आला. हॉलमधल्या सगळ्या बायका त्याच्याबरोबर श्वास धरून त्या शब्दापर्यंत जात होत्या आणि तो पार झाला की सोडत होत्या. मी आयुष्यभर झरझर वाचत आले. एका वाक्यात एवढी जागा असते, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पान संपायला चार ओळी उरल्या असतील. त्यानं पुस्तक मिटलं.

"नोरीन मला इथे थांबवायची," तो म्हणाला. "दर वेळी. गोष्ट ऐन रंगात आली, की हात ठेवायची पानावर. म्हणायची, थांब. थोडं उरू दे. मला राग यायचा. मग एकदा तिनंच सांगितलं. म्हणाली, संपलं तर तू परत कशाला येशील."

त्यानं माझ्याकडे बघितलं. हॉलभर माणसं असताना, फक्त माझ्याकडे.

टाळ्या वाजत होत्या. मी खुर्चीची कड धरून बसले होते. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, इतके दिवस मी धरून चालले होते की ती दमली होती. की तिनं सोडून दिलं होतं. आणि ती तर... ती फक्त पानावर हात ठेवत होती.

"तीन वाजले," ग्वेंडामावशी म्हणाली. तिच्या पापण्या चहात पडल्या नव्हत्या, पण एक गालावर आली होती. "सोडा."

शंभरेक सुतळ्या एकदम सुटल्या. कागद फाटण्याचा आवाज हॉलभर उसळला. "अगं, हा मी वाचलाय." "बदलूया का?" "माझा नवरा लग्नाच्या दिवशी इतका खूश नव्हता." मी उभी राहिले. रांगांवरून नजर फिरवत होते. निळं, निळं, उघडी छाती, निळं...

तिसऱ्या रांगेत एक म्हाताऱ्या बाई हात उंच करून काहीतरी दाखवत होत्या. स्मिथटनच्या बर्निसबाई. दरवर्षी चाकांच्या दोन बॅगा घेऊन येतात.

"ऐका हो," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "माझ्या स्थळाची आधीची बायको अजून आतच आहे. ही पिन कुणाची?"

सगळा हॉल हसला. मी खुर्च्यांमधून वाट काढत गेले. त्यांच्यासमोर उभी राहिले, आणि नुसता हात पुढे केला.

बर्निसबाईंनी माझा बिल्ला वाचला. वरचं नाव नाही, खालचं. मग पिन काळजीपूर्वक होती त्याच पानात ठेवली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

"घे, बाळा. पान हललेलं नाही. मी बघितलंय." आणि मागे वळून म्हणाल्या, "मला दुसरा द्या कुणीतरी. विधुर चालेल. पण सगळं सामान बाहेर काढलेला."

कागदसुद्धा त्यांनी मला दिला. त्यावर मोठ्या, एकेक करून काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं, एक बोट, दोन माणसं, अजून कुणी काही बोललेलं नाही. अक्षरं ओळ सोडून जराशी वर चढली होती. शेवटच्या शब्दाला जागा पुरली नव्हती, म्हणून तो खाली, सुतळीच्या खुणेपाशी आला होता.

मेळावा पाचला आटोपला. खुर्च्या रचल्या गेल्या, चहाची किटली पालथी झाली. ग्वेंडामावशीनं उरलेले लॅमिंग्टन मला बांधून दिले आणि कुणाला तरी शोधल्यासारखं करत म्हणाली, "हेमिश, हिला गाडीपर्यंत सोड. ती छत्री घे. परत आणायची गरज नाही."

गाडीत बसले. तो बाहेर उभा, छत्री धरून.

"तुम्ही भिजताय," मी म्हणाले.

"सवय आहे."

"आत बसा."

तो शेजारच्या सीटवर बसला. गुडघे समोर लागत होते. पाऊस टपावर पडत होता, आणि काचा पुन्हा पांढऱ्या होऊ लागल्या. या वेळी दोघांच्या श्वासानं.

पुस्तक माझ्या मांडीवर होतं. मी पिनेपाशी उघडलं. पहिली ओळ दिसली. तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. नाहीच.

"मला जमत नाही," मी म्हणाले. "तिथवर आवाज होता. पुढे नाही."

त्यानं हात पुढे केला. पुस्तक मागितलं नाही, नुसता तळहात उघडा ठेवला.

"मी वाचेन. पण वेळ लागेल. मी हळू आहे."

"लागू दे."

त्यानं पिन काढून माझ्या हातात दिली. ती त्याच्या बोटांमुळे गरम झाली होती. मग बोट ओळीखाली ठेवून तो वाचू लागला. पोस्टातली बाई धक्क्यावर आली. बोट लागली. माणसानं टपालाची थैली खाली ठेवली, आणि त्या आठवड्यात थैलीत एकच पत्र होतं, ते त्यानं स्वतःच लिहिलेलं. 'पत्ता' या शब्दाशी तो अडखळला. हसला. पुन्हा म्हटला. मी डोळे मिटून ऐकत होते. माझ्या गालांवरून काहीतरी ओघळत होतं, आणि मी ते पुसलं नाही. त्यानंही बघितल्याचं दाखवलं नाही. फक्त वाचता वाचता त्याचा उजवा हात गिअरच्या पलीकडून आला आणि पिन धरलेल्या माझ्या मुठीवर राहिला. खरखरीत, ऊबदार.

बाहेर अंधारून आलं होतं. अक्षरं दिसेनाशी होत होती. शेवटचं पान उलटायचं तेवढं राहिलं होतं.

तो थांबला.

"इमोजेन," तो म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच त्यानं माझं नाव घेतलं. "मला पुढचं वाचता येईल. तसा उजेड आहे अजून. पण... थोडं उरू दे का?"

मी उत्तर द्यायच्या आधी त्यानंच घाईघाईनं पुढे म्हटलं, "सोमवारी तुम्ही जाणार, हे ग्वेंडानं सांगितलंय मला. म्हणून हवं असेल तर आत्ताच संपवतो. खरंच. मला फक्त..."

त्यानं वाक्य तिथेच सोडलं. एक बोट, दोन माणसं.

मी हातातली पिन बघितली. एक दात तुटलेली. मग ती त्या पानात ठेवली, आणि पुस्तक मिटलं. सोमवारी एजंटला किल्ल्या द्यायच्या नाहीत, नुसता फोन करायचा, शेगडी पेटवायची, दुसरा कप धुऊन ठेवायचा, एवढंच मनात आलं. त्यापलीकडचं काही नाही. त्यापलीकडचं उरू दे.

"हेमिश," मी म्हणाले. "बुधवारी ये."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"लाकडं न घेता."